ब्राउझर नोटिफिकेशनवरील वेळ वारंवार चुकते तेव्हा

संकेतस्थळावरून पाठवलेल्या नोटिफिकेशनवर चुकीची वेळ दिसते, ही तक्रार एकदा निकालात काढली की कायमची संपली, असे क्वचितच होते. सर्व्हर बदलला, डेटाबेस दुसऱ्या जागी हलवला किंवा नव्या सहकाऱ्याने एखादी ओळ नीटनेटकी करायला घेतली, की तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. याचे कारण असे की बहुतेक दुरुस्त्या दोष जिथे दिसतो तिथे केल्या जातात, जिथे तो उत्पन्न होतो तिथे नाही. वेळ साडेपाच तास मागे दिसली म्हणून कोणी तरी अगदी शेवटच्या टप्प्यावर साडेपाच तास मिळवतो, तक्रार थांबते, आणि पुढे कधी तरी मूळ दोष दुसऱ्या कोणी सुधारला की ही मिळवणी उघडी पडते. म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी वेळ नेमकी किती आणि कोणत्या दिशेला चुकली आहे ते मोजावे, असा माझा आग्रह आहे. फरकाचा आकडा बहुतेक वेळा दोषाचा पत्ता सांगतो.

पुढील उदाहरणांसाठी एकच प्रसंग धरू. इंदुरातील एक मराठी मंडळ संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ आपल्या सभासदांना ब्राउझर नोटिफिकेशनने कळवते. सभासद लोकमान्यनगर-रामबागेत आहेत, तशी त्यांची मुले पुण्यात आणि न्यू जर्सीतही आहेत. इंदूरचा चंद्रोदय त्या दिवशी रात्री ८:५० ला आहे असे समजू. उपवास चंद्रोदयानंतरच सुटत असल्यामुळे इथे चुकीची वेळ खपून जात नाही. ‘चंद्रोदय दुपारी ३:२०’ अशी सूचना मोबाइलवर आली, तर घरातल्या आजी ती वाचून भिंतीवरचे कॅलेंडर पाहतील, आणि त्यानंतर मंडळाकडून येणाऱ्या कोणत्याही सूचनेवर त्यांचा भरवसा राहणार नाही.

टाइमस्टॅम्प हा पर्याय काय करतो, काय करत नाही

नोटिफिकेशन तयार करताना शीर्षक, मजकूर, चिन्ह यांच्याबरोबर टाइमस्टॅम्प नावाचा एक पर्याय देता येतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीनुसार (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार), किती मिलिसेकंद लोटले हे सांगणारा तो एक पूर्णांक असतो. ज्या घटनेबद्दल ही सूचना आहे त्या घटनेची वेळ, असा त्याचा अर्थ आहे. सूचना पाठवल्याची वेळ असा नव्हे. ती घटना होऊन गेलेली असू शकते, जसे सकाळी फोन बंद असताना आलेला निरोप, किंवा व्हायची असू शकते, जसा आपला चंद्रोदय. हा पर्याय दिलाच नाही, तर नोटिफिकेशन तयार झाल्याचा क्षण धरला जातो.

पुढची वेळ दिली की ब्राउझर तोपर्यंत थांबून मगच सूचना दाखवील, असा एक समज बराच पसरलेला आहे. तसे होत नाही. सूचना तत्काळ दिसते, फक्त तिच्यावर पुढची वेळ चिकटते. ठरावीक वेळी नोटिफिकेशन दाखवण्याची वेगळी सोय क्रोमने मध्यंतरी प्रायोगिक म्हणून देऊन पाहिली होती, पण ती पुढे नेली नाही. त्यामुळे चंद्रोदयाआधी अर्ध्या तासाने सूचना जायला हवी असेल, तर ते वेळापत्रक सर्व्हरवरच्या क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीने) सांभाळायचे. टाइमस्टॅम्पकडून ती अपेक्षा ठेवायची नाही.

दुसरी गोष्ट अशी की हा पर्याय क्रोम आणि क्रोमियमवर बांधलेले ब्राउझर मानतात, फायरफॉक्स आणि सफारी त्याकडे दुर्लक्ष करतात. जिथे तो मानला जातो तिथेही वेळ कशी दाखवायची हे अखेरीस कार्यप्रणाली ठरवते: अँड्रॉइड ती सहसा इतक्या मिनिटांपूर्वी किंवा इतक्या तासांनी अशा सापेक्ष रूपात दाखवते, तर संगणकावर ती सूचनांच्या यादीत कुठे तरी कोपऱ्यात दिसते. याचा व्यवहारातील अर्थ असा की वाचकाला जी वेळ कळलीच पाहिजे ती या पर्यायावर सोडून चालत नाही. ती मजकुरात अक्षरांनी लिहावी लागते, आणि टाइमस्टॅम्प हा तिचा जोडीदार समजावा लागतो.

फरकाचे वाचन

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि हा अर्धा तास आपल्याला फार उपयोगी पडतो. पूर्ण तासांच्या फरकाची अनेक कारणे असू शकतात; साडेपाच तासांचा फरक दिसला, तर भारतात तरी दुसरीकडे शोधण्याची गरज नसते. प्रश्न फक्त दिशेचा राहतो, आणि दिशा बहुतेक जण पाहतच नाहीत.

आपला चंद्रोदय ८:५० ऐवजी दुपारी ३:२० ला दिसला, म्हणजे वेळ साडेपाच तास मागे गेली, तर कुठे तरी यूटीसीतील आकडे स्थानिक वेळ म्हणून वाचले गेले आहेत, किंवा क्षण बरोबर असूनही तो मजकुरात लिहिताना यूटीसीत लिहिला गेला आहे. उलट तो मध्यरात्रीनंतर २:२० ला दिसला, म्हणजे वेळ साडेपाच तास पुढे गेली, तर भारतीय वेळेतील आकडे यूटीसी म्हणून वाचले गेले आहेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५० दिसले, म्हणजे फरक ११ तासांचा असला, तर साडेपाच तास दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता मिळवले आहेत. या तिसऱ्या प्रकारात संपूर्ण कोडमध्ये ‘१९८००’ हा आकडा शोधावा. साडेपाच तासांचे ते सेकंद आहेत, आणि मिलिसेकंदांत तोच आकडा पुढे तीन शून्ये घेऊन येतो. तो जिथे जिथे सापडेल तिथून काढून टाकावा. वेळेच्या दुरुस्तीसाठी हाताने मिळवलेला आकडा बरोबर उत्तर देत असला तरी तो बरोबर नसतो.

मागे जाणाऱ्या वेळेचे मला सर्वांत जास्त आढळलेले मूळ असे आहे. जावास्क्रिप्टमधली तारीख आयएसओ या प्रमाणित रूपात (तारीख, मग टी हे अक्षर, मग वेळ) लिहिली की तिच्या शेवटी झेड हे अक्षर येते, आणि ही वेळ यूटीसीतील आहे एवढेच ते सांगते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डेटटाइम प्रकारच्या रकान्यासाठी नीटस रूप हवे म्हणून कोणी तरी मधला टी काढून तिथे मोकळी जागा ठेवतो आणि शेवटचा झेड कापून टाकतो. आता रकान्यात ‘१५:२०:००’ असे आकडे उरतात, पण ते कोणत्या वेळप्रदेशाचे (टाइमझोनचे) हे सांगणारी एकमेव खूण गेलेली असते. पुढे हेच आकडे सर्व्हिस वर्करमध्ये (पान बंद असतानाही ब्राउझरमध्ये मागे चालू शकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) तारखेत बदलले जातात. तारीख आणि वेळ दोन्ही असलेल्या मजकुराला प्रदेशाची खूण नसेल, तर जावास्क्रिप्ट तो यंत्राच्या स्थानिक वेळेतला समजते, आणि इंदुरातल्या फोनवर चंद्र दुपारी उगवतो. गंमत अशी की विकसकाने हे सर्व यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर तपासले असेल, तर तिथे ते पूर्णपणे बरोबर दिसते.

पुढे जाणारी वेळ बहुधा डेटाबेस हलवल्यानंतर सुरू होते. मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम प्रकार जसे आकडे दिले तसे ठेवतो, त्यांचा प्रदेशाशी संबंध नसतो. रकान्याचा टाइमस्टॅम्प हा प्रकार (नोटिफिकेशनच्या पर्यायाशी फक्त नाव सारखे) मात्र सत्राच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, वेळप्रदेशातून यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना परत बदलून देतो. डेटटाइम रकान्यात भारतीय वेळ लिहिलेली असेल आणि क्वेरीत युनिक्स-टाइमस्टॅम्प फलनाने (फंक्शनने) तिचे सेकंद काढले जात असतील, तर ते फलन सत्राचा वेळप्रदेश पाहते. मंडळाच्या कचेरीतल्या संगणकावर हा प्रदेश भारतीय असतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तो सहसा यूटीसी असतो. कोडमधली एकही ओळ न बदलता उत्तर साडेपाच तासांनी सरकते, आणि दोष मात्र नोटिफिकेशनच्या कोडवर येतो. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेतही हाच खड्डा आहे: वेळप्रदेश स्पष्ट सांगितला नाही तर तो यूटीसी धरला जातो, आणि मजकुरातून वेळ काढणारी फलने त्यानुसार चालतात. उपाय एकच आहे. डेटाबेसमध्ये क्षण यूटीसीत ठेवावा, सत्राचा वेळप्रदेश जोडणी उघडतानाच स्पष्ट लिहावा, आणि सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाताना क्षण फक्त आकड्याच्या रूपात जावा, मजकुराच्या नव्हे.

पहाटे ५:३० ही वेळ दिसली तर जरा थांबून तारीख पाहावी, कारण या एकाच वेळेमागे दोन निरनिराळे दोष असतात. तारीख योग्य असेल आणि वेळ पहाटे साडेपाच असेल, तर मूळ नोंदीत वेळ नव्हतीच. केवळ तारीख असलेला आयएसओ मजकूर जावास्क्रिप्ट यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचते, आणि ती भारतात पहाटे साडेपाचला येते. मंडळाच्या हळदीकुंकवाची नोंद अशी तारखेपुरतीच असेल, तर इंदुरात ती पहाटेची दिसते आणि न्यू जर्सीत थंडीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी ७ ची, म्हणजे तारीखच बदलते. अशा नोंदींना टाइमस्टॅम्प देऊच नये. जो क्षण नाही त्याला क्षण बनवण्यात काही अर्थ नाही. मात्र तारीख १ जानेवारी १९७० आणि वेळ पहाटे ५:३० असेल, तर टाइमस्टॅम्पमध्ये शून्य गेले आहे, आणि त्याची कहाणी वेगळी आहे.

१९७० कुठून येते

टाइमस्टॅम्प या पर्यायाला ब्राउझर काटेकोरपणे तपासत नाही. जे मिळेल ते मुकाट्याने पूर्णांकात बदलून घेतो, आणि बदलता आले नाही तर शून्य धरतो. तारखेची वस्तू दिली तर तिचे मिलिसेकंद निघतात, म्हणजे काम होते. आकड्यांचा मजकूर दिला तरीही होते. पण आयएसओ रूपातला मजकूर दिला, तर त्याचा आकडा बनत नाही, शून्य बनते. कन्सोलवर चूक सांगणारी लाल ओळ उमटत नाही, आणि सूचना १९७० ची होऊन बाहेर पडते. रिकामी नोंद, म्हणजे नल, दिली तरी शून्यच मिळते. मात्र अनडिफाइन्ड, म्हणजे मूल्य ठरवलेलेच नाही असे, दिले तर पर्याय दिलाच नाही असे समजून चालू वेळ लागते. डेटाबेसमधून वेळ आली नाही तर जेसनमध्ये (माहिती ज्या मजकूररूपात पाठवली जाते त्यात) नल येते की ती किल्लीच गाळली जाते, एवढ्या बारीक फरकावर एकाच सूचनेची वेळ ‘आत्ता’ किंवा ‘पंचावन्न वर्षांपूर्वी’ यांपैकी एक होते.

तारीख २० किंवा २१ जानेवारी १९७० च्या आसपास दिसत असेल, तर सेकंद हे मिलिसेकंद म्हणून गेले आहेत. १ जानेवारी २०२५ च्या यूटीसी मध्यरात्रीचा आकडा सेकंदांत १७३५६८९६०० आहे. तो मिलिसेकंद समजला गेला तर २१ जानेवारी १९७० ची सकाळ, भारतीय वेळेनुसार ७:३८, येते. पीएचपीचे टाइम फलन सेकंद देते, पायथनचेही देते, तर जावास्क्रिप्ट मिलिसेकंद देते. सध्याच्या काळातला आकडा १० अंकी असेल तर सेकंद, १३ अंकी असेल तर मिलिसेकंद, १६ अंकी असेल तर मायक्रोसेकंद, एवढी अंकमोजणी पुरते. मायक्रोसेकंद चुकून गेले तर साल छप्पन हजारांच्या पुढे जाते. अंक मोजून आपोआप हजाराने गुणणारे किंवा भागणारे फलन काही जण लिहून ठेवतात. मी ते टाळतो, कारण ते चूक लपवते, आणि पुढे येणाऱ्याला नेमके कोणते एकक अपेक्षित आहे हे कधीच कळत नाही.

याच कुटुंबातली एक चूक ओळखायला अवघड आहे. पुश घटनेच्या (सर्व्हरचा संदेश आल्यावर सर्व्हिस वर्करला मिळणाऱ्या) वस्तूवर टाइमस्टॅम्प नावाचाच एक गुणधर्म असतो, आणि नाव सारखे म्हणून तो उचलून थेट नोटिफिकेशनमध्ये घातला जातो. पण तो गुणधर्म सर्व्हिस वर्कर सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजतो, १९७० पासूनचे नव्हे. त्यामुळे पुन्हा १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच आणि वर काही क्षण. परफॉर्मन्स-नाऊ हे तशाच मोजणीचे फलन वापरल्यासही हेच होते. शिवाय त्या गुणधर्माच्या नावात मधला एस कॅपिटल आहे, नोटिफिकेशनच्या पर्यायात तो लहान आहे. कॅपिटल एस लिहून पर्याय दिला तर ब्राउझर तो अनोळखी म्हणून सोडून देतो, आणि सर्व सूचना ‘आत्ता’च्या दिसू लागतात. आकडा बरोबर, एकक बरोबर, तरीही वेळ लागत नाही, अशी स्थिती असेल तर सगळ्यात आधी हे स्पेलिंग पाहावे.

वाटेत होणारा उशीर

वेळ दर वेळी ‘आत्ता’ दिसते पण मजकूर जुना असतो, अशी तक्रार असेल तर दोष घड्याळाचा नसून प्रवासाचा आहे. पुश संदेश सर्व्हरकडून थेट ब्राउझरकडे जात नाही. तो ब्राउझरच्या पुश सेवेकडे जातो आणि यंत्र जोडले जाईपर्यंत तिथे थांबतो. लॅपटॉप मिटलेला असेल, संगणकावरचा ब्राउझर पूर्ण बंद असेल किंवा अँड्रॉइडने फोनला गाढ झोपेत नेले असेल, तर सूचना तासांनी किंवा दिवसांनी पोहोचते. सर्व्हिस वर्करने पुश मिळाल्यावर स्वतःचे डेट-नाऊ, म्हणजे यंत्रावरची चालू वेळ, टाइमस्टॅम्प म्हणून लावले, तर काल रात्रीचा चंद्रोदय आज सकाळी ताजा होऊन समोर येतो. म्हणून घटनेची वेळ सर्व्हरने पेलोडमध्ये (संदेशातल्या माहितीत) पाठवावी आणि सर्व्हिस वर्करने तीच जशीच्या तशी वापरावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिळी सूचना पोहोचूच नये. वेब पुशचा नियम आरएफसी ८०३० या इंटरनेट मानकात आहे, आणि त्यानुसार प्रत्येक संदेशाबरोबर टीटीएल, म्हणजे पुश सेवेने तो किती काळ सांभाळायचा ते, सांगणे सक्तीचे आहे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवरचे लोकप्रिय वेब-पुश पॅकेज, आपण काही सांगितले नाही तर, चार आठवडे लिहून मोकळे होते. चंद्रोदयाच्या सूचनेला चार आठवडे म्हणजे जवळपास पुढच्या संकष्टीपर्यंतचा काळ झाला. इथे पाठवण्याच्या क्षणापासून चंद्रोदयापर्यंतचे सेकंद आणि वर फार तर अर्धा तास एवढाच टीटीएल द्यावा. शून्य दिल्यास संदेश त्याच क्षणी पोहोचला तर पोहोचला, नाही तर टाकला जातो. ते या कामासाठी फारच कडक होईल.

इथेच एककांचा गोंधळ पुन्हा डोके वर काढतो, कारण एका पाठवणीत तीन निरनिराळे आकडे असतात. टाइमस्टॅम्प हा १९७० पासूनचे मिलिसेकंद असतो, टीटीएल हा नुसता कालावधी असून सेकंदांत असतो, आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या व्हॅपिड टोकनमधली मुदत ही १९७० पासूनचे सेकंद असते व ती २४ तासांपेक्षा पुढची असून चालत नाही. एका तासाचा टीटीएल मिलिसेकंदांत लिहिला तर तो ४१ दिवसांहून अधिक होतो. व्हॅपिडची मुदत मिलिसेकंदांत लिहिली तर पुश सेवा विनंती नाकारते आणि कोणालाच काही मिळत नाही. सर्व्हरचे घड्याळ बरेच भरकटले असेल तरीही ही मुदत चुकते, आणि तेव्हा ‘वेळ चुकते’ या तक्रारीऐवजी ‘सूचनाच येत नाहीत’ ही तक्रार येते. चलांच्या नावांतच एकक लिहिण्याची सवय, म्हणजे नावाच्या शेवटी सेकंद किंवा मिलिसेकंद असे स्पष्ट असणे, दिसायला बोजड असली तरी मी ती सोडायला तयार नाही.

क्रमाचाही प्रश्न आहे. समजा मंडळाने आधी चुकीची वेळ पाठवली आणि दहा मिनिटांनी सुधारित सूचना त्याच टॅगने (सूचनेच्या ओळखखुणेने) पाठवली, म्हणजे नवी सूचना जुनीची जागा घेईल. पुश संदेश पाठवले त्याच क्रमाने पोहोचतील याची हमी नसते. सुधारित आधी आणि चुकीची नंतर पोहोचली, तर चुकीची सूचना बरोबर सूचनेला पुसून टाकते. पुश सेवेत थांबलेल्या संदेशांपुरता टॉपिक हा हेडर (संदेशाबरोबर जाणारी नोंद) उपयोगी पडतो, कारण त्याच टॉपिकचा नवा संदेश तिथल्या जुन्याला हटवतो. यंत्रापर्यंत पोहोचलेल्यांसाठी मात्र सर्व्हिस वर्करनेच पाहायला हवे: दाखवण्यापूर्वी त्या टॅगची पडद्यावरची सूचना मागवावी आणि तिच्या डेटामध्ये ठेवलेली पाठवणीची वेळ नव्या संदेशाशी ताडावी. ही वेळ डेटामध्येच ठेवावी. सूचनेच्या टाइमस्टॅम्पवरून तुलना केली तर ती फायरफॉक्स आणि सफारीत कोसळते, आणि तसेही तो चंद्रोदयाचा क्षण आहे, पाठवणीचा नव्हे. आलेला संदेश जुना निघाला तरी काहीच न दाखवता गप्प बसू नये, कारण प्रत्येक पुशमागे दिसणारी सूचना असावी असा क्रोमचा आग्रह असतो आणि ती नसेल तर तो स्वतःचा एक मोघम मजकूर दाखवू शकतो. त्याऐवजी पडद्यावरचीच बरोबर सूचना आवाज न करता पुन्हा दाखवावी.

मजकुरातली वेळ

मजकुरात वेळ लिहिताना ती कोणाच्या घड्याळाची हे आधी ठरवावे लागते, आणि हा निर्णय तांत्रिक नसतो. मंडळाचे व्याख्यान इंदुरात संध्याकाळी ७ ला आहे आणि ते ऑनलाइनही दिसणार आहे, तर न्यू जर्सीच्या सभासदाला त्याच्या घड्याळात उन्हाळ्यात सकाळी ९:३० आणि थंडीत ८:३० असे दिसायला हवे. तिथे घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, म्हणून ठरावीक तास वजा करणारे कोड वर्षातून दोनदा चुकते. चंद्रोदयाच्या बाबतीत मात्र इंदूरची वेळ त्याच्या घड्याळात बदलून देण्यात अर्थच नाही, कारण त्याचा चंद्र वेगळ्या वेळी उगवतो. तिथे ‘इंदूर’ हा शब्द लिहून भारतीय वेळच द्यावी. एवढे कशाला, नागपूर आणि मुंबई यांच्या रेखांशांतील सुमारे सहा अंशांच्या फरकाने चंद्रोदयात पंचवीस मिनिटांच्या आसपास अंतर पडते, आणि पुण्याच्या दिनदर्शिकेतली वेळ इंदूरसाठी उचलली तर काही मिनिटांचा जो फरक राहतो तो कोणत्याही कोडने जाणार नाही. त्या तक्रारीसाठी पंचांग तपासावे, प्रोग्राम नव्हे.

वेळेला रूप देण्यासाठी ब्राउझरमधली इंटल ही सोय वापरावी. ती सर्व्हिस वर्करमध्येही चालते. तिला भाषा आणि वेळप्रदेश दोन्ही स्पष्ट सांगावेत. विशेषतः मजकूर सर्व्हरवर तयार होत असेल तर वेळप्रदेश न सांगणे म्हणजे दुपारच्या चंद्राला आमंत्रण देणे होय. मराठी-भारत ही भाषा दिली की अंक आपोआप देवनागरी येतात, हिंदी-भारत दिली की ते रोमन वळणाचे येतात. आमच्याकडे इंदुरात एकाच घरात दोन्ही वाचणारे असल्यामुळे हा फरक लगेच नजरेत येतो, आणि तो दोष समजून कळवलाही जातो. कोणते अंक हवेत हे भाषेच्या खुणेलाच जोडून सांगता येते, त्यामुळे अंक हाताने बदलणारे फलन लिहू नये.

वेळप्रदेशाच्या नावाने एक छोटा पण त्रासदायक घोळ होतो. सभासद भारतात आहे का हे पाहण्यासाठी ब्राउझरला त्याचा वेळप्रदेश विचारून तो ‘एशिया-कोलकाता’ आहे का अशी तुलना केली जाते. फायरफॉक्स हेच नाव देतो; क्रोम मात्र ‘एशिया-कलकत्ता’ हे जुने नाव देत आला आहे. दोन्ही नावे एकाच प्रदेशाची आहेत आणि रूप देताना दोन्ही चालतात, पण तुलनेत ती जुळत नाहीत, आणि क्रोम वापरणारा रामबागेतला सभासद परदेशी ठरतो. अशी तुलना टाळता आली नाही तर दोन्ही नावे स्वीकारावीत.

तपासणी, आणि सुधारूनही दोष न जाणे

क्रोमच्या विकसक साधनांत ॲप्लिकेशन या भागात सर्व्हिस वर्करला हाताने पुश पाठवण्याची सोय आहे; तिच्यातून नल, आयएसओ मजकूर, १० अंकी आणि १३ अंकी आकडा असे चारही प्रकार पाठवून पाहावेत आणि प्रत्येकाला कोड काय करतो ते नोंदवावे. जो आकडा १३ अंकी पूर्णांक नाही तो सर्व्हिस वर्करने टाइमस्टॅम्प म्हणून पुढे देऊ नये. पर्याय गाळून टाकावा आणि चूक सर्व्हरला कळवावी, म्हणजे १९७० निदान सभासदाच्या पडद्यावर येणार नाही. त्याच साधनांत सेन्सर्स या भागात वेळप्रदेश बदलता येतो, आणि पार्श्वभूमीतील सेवांच्या नोंदी सुरू केल्या तर साधने बंद असतानाही आलेले पुश आणि दाखवलेल्या सूचना तीन दिवसांपर्यंत टिपल्या जातात. रात्री येणाऱ्या तक्रारींसाठी या नोंदींसारखा साक्षीदार नाही. अँड्रॉइडवर तपासताना पानातून थेट नोटिफिकेशन कन्स्ट्रक्टर (नवी सूचना बनवणारे फलन) वापरू नये. क्रोम तिथे तो स्वीकारत नाही, सूचना सर्व्हिस वर्करच्या नोंदणीतूनच दाखवावी लागते.

कोड सुधारला, सर्व्हरवर चढवला, तरी काही सभासदांकडे जुनीच वेळ दिसते, ही तक्रार जवळपास ठरलेली असते. त्यांच्याकडे जुना सर्व्हिस वर्कर जिवंत असतो. नवा डाउनलोड झाला तरी संकेतस्थळाचा एखादा टॅब उघडा असेपर्यंत तो वाट पाहत थांबतो, आणि काही जणांचे टॅब महिनोन्महिने बंद होत नाहीत. नव्या वर्करने प्रतीक्षा ओलांडून लगेच ताबा घ्यावा अशी सूचना कोडमध्ये द्यावी. याशिवाय पेलोडमध्ये रचनेचा आवृत्ती-क्रमांक पाठवावा आणि सर्व्हरने काही काळ जुन्या वर्करला समजेल असे जुने क्षेत्र जुन्याच एककात पाठवत राहावे. नवे क्षेत्र नव्या नावाने द्यावे. त्याच नावाच्या क्षेत्रात आज सेकंद आणि उद्या मिलिसेकंद पाठवले, तर जुना वर्कर त्यांना पुन्हा हजाराने गुणतो आणि चंद्रोदय छप्पन हजाराव्या सालात जाऊन पडतो.

एवढे सर्व जुळूनही एकाच सभासदाकडे वेळ पाच-सात मिनिटांनी चुकत असेल, तर त्याच्या संगणकाचे घड्याळ पाहावे. सापेक्ष वेळ यंत्राच्या घड्याळावरून काढली जाते, आणि मदरबोर्डवरची बॅटरी उतरलेले जुने संगणक मंडळांच्या कचेऱ्यांत अजून बरेच आहेत. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये घड्याळ जुळवून घेण्याचे बटण आहे. ते दाबावे, आणि फरक परत येऊ लागला तर बॅटरी बदलून घ्यावी.